भूगोलाच्या बाईंची सायकल

माझे सासरे लिफ्टचे मेकॅनिक होते आणि आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. हा विनोद आमच्या घरात इतक्यांदा होऊन गेलाय की पाहुण्यांनी तो पुन्हा केला तर आम्ही नुसतं हसल्यासारखं करतो. चौथा मजला आहे. सासरे अजूनही जिना एका दमात चढतात आणि वर आल्यावर आम्हाला धाप लागलेली बघून खूश होतात.

माणूस उंच, किडकिडीत, हातपाय लांबच लांब. कुठल्याही दारातून जाताना सवयीने मान खाली घालणार. मी लग्नाआधी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा मी खुर्चीत बसायला गेले तर म्हणाले, "थांब जरा." मग त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी दाबली, स्वतः बसले, बसल्या बसल्या दोनदा उसळले, आणि मग उठून म्हणाले, "हां, आता बस." मला वाटलं, या माणसाच्या डोक्यात काहीतरी फरक आहे. पुढे कळलं की त्यांचा धंदाच तो. लिफ्टमध्ये भिंतीवर लिहिलेलं असतं ना, इतकी माणसं, इतकं वजन? ते लिहायच्या आधी कुणीतरी लोखंडी वजनं रचून, लिहायच्या आकड्याच्या सव्वापट भरून, ती लिफ्ट वर-खाली करून बघितलेली असते. तो कुणीतरी म्हणजे आमचे बाबा. ओझं घालून बघितल्याशिवाय त्यांचा कशावरच भरवसा बसत नाही.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. घरातल्या संपल्या तेव्हा शेजाऱ्यांच्या घेतल्या. माझ्या सासूबाई पडदे शिवतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि कापड बेतायचं मोठं टेबल आहे, आणि दिवसभर त्यांचं काम चाललेलं असतं. बाबा त्यांच्या पाठीमागे उभे राहून कान लावायचे आणि म्हणायचे, "आवाज बरोबर येत नाहीये."

"मशीनचा आवाज बरोबर आहे," सासूबाई मान न वळवता म्हणायच्या. "तुमचा कान रिकामा बसलाय."

मग एकदा जेवताना बाबांनी नदीचा विषय काढला.

लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत असतं. त्यामुळे बाबांनी उभ्या आयुष्यात दुपारचे डबे शहरातल्या उंच उंच गच्च्यांवर खाल्ले. तिथून नदी दिसायची. शहर संपलं की ती डावीकडे वळते आणि दोन टेकड्यांच्या मागे जाते. "पुढे काय आहे ते मी कधी बघितलंच नाही," बाबा म्हणाले. "तीस वर्षं त्या वळणाकडे बघत जेवलो."

"मग बसने जा की एकदा," माझा नवरा म्हणाला.

"बस काठाने जात नाही. सायकलने जायचं. काठाकाठाने, थेट समुद्रापर्यंत. तंबू घ्यायचा, स्टोव्ह घ्यायचा. जिथे अंधार पडेल तिथे थांबायचं."

सासूबाईंनी त्यांच्या ताटात वाढायला उचललेला चमचा तसाच धरून ठेवला. "आणि सायकल कुठाय?"

सायकल नव्हती. नवरा त्यांना दुकानात नवीन दाखवायला घेऊन गेला. बाबांनी एका बोटावर एक सायकल उचलून बघितली आणि ती परत ठेवली. इतक्या हलक्या वस्तूवर तंबू लादायचा हे त्यांना पटेना. शिवाय मागे कॅरिअर बसवायला भोकंच नव्हती. दुकानदाराने सांगितलं, "काका, ही शर्यतीची आहे." बाबा म्हणाले, "मला कुणाला हरवायचं नाहीये."

घरी येताना त्यांना भूगोलाच्या बाई आठवल्या.

बाईंना मीही ओळखत होते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते आणि बाई डोळ्यांचे थेंब न्यायला येतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळ्या भागात त्या भूगोलाच्या बाईच. बाबांची आणि त्यांची ओळख मात्र लिफ्टमधली. त्यांच्या इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, बाई आत, बाबा बाहेर. दार उघडेपर्यंत बाईंना भीती वाटू नये म्हणून बाबांनी गप्पा सुरू केल्या. तर बाईंनाच बाबांची काळजी वाटत होती. त्या आतून सांगत बसल्या की सुट्टी लागली की त्या सायकलवर सामान बांधून कुठे कुठे जायच्या, घाटात कशा झोपल्या, एका गावात कुत्र्याने बूट कसा पळवला.

बाबा आणि मी बाईंकडे गेलो. मला वाटलं होतं भिंतीवर नकाशे असतील, पण एकही नव्हता. "शाळेत नकाशे टांगून टांगून खांदा गेला," बाई म्हणाल्या. सगळीकडे निवडुंगाच्या कुंड्या होत्या. मागच्या अरुंद गॅलरीत चादरीखाली सायकल होती आणि तिच्या हँडलला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी लटकत होती. बाईंनी चादर काढली. काचेच्या बाटलीसारखा हिरवा रंग, जागोजागी उडालेला. टायर बसलेले. सीटच्या कातड्याला मात्र अजून चमक होती.

बाबा गुडघे टेकून खाली बसले आणि मागच्या चाकाजवळ बोट फिरवू लागले.

"भोकं आहेत," ते मला म्हणाले, जणू काही सोनं सापडलंय.

"असणारच," बाई म्हणाल्या. "ओझं वाहायलाच घेतली होती. मला आता रस्त्याच्या कडा दिसत नाहीत हो, नाहीतर मी कुणाला हात लावू दिला नसता. न्या. पण एक अट आहे."

"सांगा."

"नीट बघून झालं की मला खरं सांगायचं. सामान घेऊन लांब जाण्यासारखी उरलीय, का नुसती चिमटे टांगायच्या लायकीची आहे. माझं मन राखायला काही बोलायचं नाही. शाळेत मुलांनी माझं मन पुष्कळ राखलं."

बाबांनी सायकल खांद्यावर घेतली आणि चार मजले चढून घरी आणली. दारात सासूबाई उभ्या.

"ही आत येणार असेल तर मी बाहेर जाते."

"अगं, एकदा बघतो आणि ठेवतो."

"कुठे ठेवता? माझ्या डोक्यावर?"

शेवटी बेतायच्या टेबलावर जुना पडदा अंथरला गेला आणि त्यावर सायकल उलटी उभी राहिली, चाकं वर. संध्याकाळी सासूबाईंचं काम आटोपलं की टेबल बाबांचं, असा करार झाला.

मी डोळ्यांच्या दवाखान्यातही कधी इतकी तपासणी बघितली नाही. बाबांनी आधी ती नुसती धुऊन पुसून काढली आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघितला. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, "चेन जुनी, टायर तडकलेले, ब्रेकचे रबर दगड झालेत. ते सगळं मी बघतच नाहीये. ते बदलता येतं. जे बदलता येत नाही ते आधी बघायचं." म्हणजे फ्रेम. कुठे तडा आहे का, हँडलच्या खालच्या नळीवर रंगाला सुरकुती पडलीय का, कारण सायकल कधी समोरून आदळली असेल तर लोखंड तिथे दबतं आणि रंग चुगली करतो. त्यांनी माझा हात धरून माझं बोट त्या नळीखालून फिरवलं. "तुझी बोटं नाजूक आहेत, लागतंय का काही?" काही लागलं नाही.

मग त्यांनी सासूबाईंच्या डब्यातला दोरा घेतला. मागच्या चाकाच्या जागी एका बाजूला बांधला, पुढे हँडलच्या गळ्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणून बांधला. दोरा ताठ झाला. आता मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आलं पाहिजे, नाहीतर फ्रेम वाकडी. पट्टी कुठे सापडेना, तेव्हा सासूबाईंनी गळ्यातली टेप काढून दिली, आणि नुसती दिली नाही तर स्वतःच मोजलं.

"सारखं आहे," त्या म्हणाल्या.

"नीट बघ."

"अहो, पडद्याची जोडी मी अशीच मोजते. सारखं आहे."

इथपर्यंत सगळं छान होतं. अडलं ते सीटपाशी. बाई ठेंगण्या. त्यांच्या मापाने सीट खाली होती आणि तिची दांडी इतक्या वर्षांत नळीत गंजून बसली होती. बाबांनी तेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा सोडलं. हलक्या हाताने ठोकलं. घरभर तेलाचा वास. सासूबाईंना एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला तो वास येईल अशी धास्ती पडली. दांडी काही केल्या हलेना.

मग बाबा तिला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेले. सायकलवाला म्हणजे गोलमटोल, सतत गुणगुणणारा माणूस. सायकलला हात लावायच्या आधी तिच्याकडे बघून तो नेहमी "काय म्हणताय?" असं विचारतो. सायकलला, मालकाला नव्हे. त्याने सीट काढली, नुसती दांडी बाकाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळली, आणि मग दांडी फिरवायच्या ऐवजी दोघांनी मिळून अख्खी सायकलच फिरवायला सुरुवात केली. एक इकडून, एक तिकडून, दोघांचे चेहरे लाल. एकदम किंकाळीसारखा आवाज आला आणि समोरच्या पाववाल्याच्या दुकानातून माणसं धावत आली. दांडी सुटली होती.

सायकलवाल्याने चाकंही बघितली. पुढचं ठीक. मागच्या रिमवर त्याने नख फिरवलं आणि बाबांचं नख फिरवलं. ब्रेक लावून लावून रिमच्या बाजू आतल्या अंगाला झिजून पातळ झाल्या होत्या. "रिकाम्या सायकलला चालेल," तो म्हणाला. "ओझं लादून उतारावर फाटली तर काय घ्या. रिम नवीन टाकू, स्पोक नवीन टाकू. मागची दातेरी चकती पण मोठी बसवू. बाई तरुणपणी चढ चढायच्या त्या दातांवर तुम्ही चढाल तर दुसऱ्या दिवशी मला तुमच्या घरी यावं लागेल बघायला."

एवढं सगळं होऊन सायकल पुन्हा टेबलावर आली तेव्हा ती खरोखर देखणी दिसत होती. बाबांनी सीट वर, अगदी जितकी सुरक्षित तितकी वर ओढली आणि इमारतीच्या मागच्या गल्लीत एक फेरी मारली. मी आणि सासूबाई खिडकीतून बघत होतो.

त्यांचे गुडघे हँडलला टेकायला आले होते. लहान मुलाच्या सायकलवर मोठा माणूस बसतो ना, तसं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी टेबलावरची कात्री उचलली. बाबा वर आले, तोंडभर हसू.

"कशी वाटली?"

"कुणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मला. मस्त धावते. थोडी आखूड वाटते, पण सवय होईल."

सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "लिफ्टबद्दल असं कधी म्हणालात का हो? दार नीट लागत नाही, पण लोकांना सवय होईल?"

बाबांचं हसू जरा मावळलं, पण त्यांनी विषय बदलला. आता पिशव्या हव्या होत्या. सासूबाईंनी एका दुकानाच्या छपराची जुनी ताडपत्री मागवली आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकतील अशा दोन मोठ्या आणि पुढे लावायला दोन लहान पिशव्या शिवल्या. चारही कोपऱ्यांना दुहेरी टाके. बाबांनी एकेक शिलाई ओढून बघितली. सासूबाईंनी त्यांना ओढू दिलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा, सासूबाई आणि मी सायकल घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर गेलो. तिथे लांब चढ आहे आणि गाड्या फारशा नसतात. तंबू, स्टोव्ह, भांडी, कपडे, सगळ्याचं मिळून जेवढं वजन होईल त्याच्या सव्वापट पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या नवऱ्याची कॉलेजची पुस्तकं पिशव्यांत भरली होती. "इतकी जड पुस्तकं होती, तरी त्याच्या डोक्यात काही उतरलं नाही," म्हणत बाबांनी शेवटचं बक्कल लावलं.

ते निघाले. चार-पाच हात गेले असतील, टक् असा आवाज. पुन्हा टक्. त्यांच्या टाचा मागच्या पिशव्यांवर आपटत होत्या. पाय लांब, सायकलची शेपटी आखूड, दर फेरीला टाच आपली पिशवीवर. ते उतरले, पिशव्या मागे सरकवल्या. आता टाचा सुटल्या पण सगळं ओझं चाकाच्या मागे लोंबायला लागलं. तरी ते चढ चढून गेले. नवीन चकती फार उपयोगी पडली, म्हणाले नंतर.

मग उतार.

सुरुवातीला सरळ येत होते. थोडा वेग आला आणि सायकलचं हँडल थरथरायला लागलं. आधी थोडं, मग जास्त. मागचं ओझं एकीकडे, वर उंच माणूस दुसरीकडे, आणि मधे बिचारी सायकल सापासारखी वळवळतेय. सासूबाई ओरडल्या, "अहो! ब्रेक!" ब्रेक त्यांनी लावला होता, पण हळूहळू, शहाण्या माणसासारखा. वेग उतरला, थरथर थांबली, आणि अगदी शेवटी, थांबता थांबता, तोल जाऊन ते रस्त्याकडेच्या झुडपात अलगद आडवे झाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते पडल्या पडल्याच चाक फिरवून बघत होते. लागलं काहीच नव्हतं. एका हाताला खरचटलं होतं आणि केसांत पानं होती.

"नापास," ते म्हणाले. आवाज इतका पडलेला की मला हसावं का रडावं कळेना. "बाईंना सांगावं लागेल. ओझ्याला चालणार नाही."

सासूबाईंनी त्यांच्या केसांतली पानं काढली. मग त्या सायकलकडे गेल्या, तिला उचलून उभी केली. दोन्ही पिशव्या पुन्हा पुढे सरकवल्या, चाकाच्या मधोमध. पुस्तकांतली काही काढून पुढच्या लहान पिशव्यांत, तळाशी घातली. सीटची पकड सैल करून ती खाली बसवली.

"काय करतेस?"

"सायकल का नापास? टाच नापास आहे. तुमची."

आणि मग त्यांनी खाली वाकून उजव्या पायाची पँट मोज्यात खोचली. फक्त उजव्या पायाची, चेनच्या बाजूची. मी इतकी वर्षं या बाईबरोबर एका घरात राहतेय, पण त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं की त्यांना सायकल येते. नंतर त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील शिंपी होते. शिवलेले कपडे घरोघरी पोहोचवायचं काम सासूबाईंकडे होतं. लग्न ठरेपर्यंत त्यांनी कोट, झगे, एकदा तर अख्ख्या बँडचे गणवेश सायकलवर वाहिले होते. बाबांनाही हे कधीतरी माहीत झालं असणार, पण तेही विसरून गेले होते.

त्या बसल्या. पहिल्या काही पॅडलांत हँडल जरा इकडेतिकडे झालं. मग नाही. टाच आणि पिशवी यांच्यात सहज मूठभर जागा. चढावर त्या इतक्या सावकाश गेल्या की बाबा आणि मी अर्ध्या चढापर्यंत शेजारून चालत गेलो, पण चढल्या. वरती पोहोचून त्यांनी सायकल वळवली आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आमच्याकडे बघत होत्या की पलीकडे, कळलं नाही.

"सावकाश ये गं!" बाबा ओरडले.

त्या सावकाश आल्या नाहीत. सरळ आल्या, रुळावरून धावत असाव्यात तशा. पाठ ताठ, कोपर सैल. त्या जवळ आल्या तसे बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं भीतीने. पण ते ऐकत होते. सायकल आमच्या बाजूने गेली तेव्हा चाकांचा नुसता एकसारखा सूं आवाज आला. पुढे जाऊन सासूबाईंनी ब्रेक लावला, पाय टेकवला आणि वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत बघितलं होतं, आणि त्या फोटोतही इतकं नाही.

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी डोळे उघडले.

"परत एकदा," ते म्हणाले.

त्या पुन्हा गेल्या. मग बाबांनी आणखी दोन बाटल्या घातल्या आणि म्हणाले, परत. नंतर रस्त्याच्या खडबडीत बाजूने. मग मधेच जोरात ब्रेक मारून. दर वेळी ते खाली वाकून स्पोक बोटाने छेडून बघायचे, एकेक, तंबोरा लावतात तसं. एकही सैल झाला नव्हता.

"पास?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना घाम आला होता आणि त्या उतरायला तयार नव्हत्या.

"पास," बाबा म्हणाले. पुन्हा एक स्पोक छेडून म्हणाले, "पूर्णपणे पास."

आम्ही तिघं तसेच भूगोलाच्या बाईंकडे गेलो. बाबांनी सगळं सांगितलं, काहीही न झाकता. रिम झिजली होती ते, दांडीची किंकाळी, झुडूप. "फ्रेम सरळ आहे, सांधे धड आहेत. सव्वापट ओझ्याला एवढीशीही डगमगली नाही. पण माझ्या मापाची नाही. ती हिच्या मापाची आहे."

बाई सासूबाईंच्या जवळ गेल्या. त्यांना नीट दिसत नाही म्हणून अगदी जवळ. आपला खांदा त्यांच्या खांद्याला लावून बघितला. उंची जवळपास एकच होती.

"उतारावर हात सोडलेत का?" बाईंनी विचारलं.

"छे! पहिल्याच दिवशी?"

"बरं केलंत. दुसऱ्या आठवड्यात सोडा."

आता प्रश्न बाबांचा होता. पण गंमत अशी की काय बघायचं हे त्यांना आता पक्कं ठाऊक झालं होतं. सायकलवाल्याच्या दुकानामागे जुन्या सायकलींचा ढीग होता. बाबांनी आधी तिथे नुसती उंची आणि शेपटीची लांबी बघितली, दोरा आणि टॉर्च नंतर. एक उंच, तपकिरी, कमालीची कुरूप सायकल निघाली. मागचं चाक इतकं मागे की बाबांची टाच आणि पिशवी यांच्यात वीतभर अंतर. सासूबाईंनी दुसरा पिशव्यांचा जोड शिवला. टाकीमागचा रस्ता पुन्हा झाला. या वेळी कुणी झुडपात गेलं नाही.

सासूबाई जाणार हे कधी, कुणी ठरवलं ते मला सांगता येणार नाही. कुणी ठरवलंच नाही बहुतेक. एके दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की आता पडदे परत आल्यावर मिळतील, आणि तंबू दोघांचा आला.

ते निघाले तेव्हा नवऱ्याने फारच काळजी केली. रोज फोन करा, अंधारात चालवू नका, पाणी उकळून प्या. सासूबाई म्हणाल्या, "तुला शाळेत सोडताना मी एवढं बोलले नव्हते." मग दोघं गेले. बाबा पुढे, कारण त्यांना वारा अडवायचा होता, असं ते म्हणाले. पहिल्याच वळणावर सासूबाई पुढे गेल्या.

फोन यायचे, पण रोज नाही. ते वळण त्यांना पहिल्याच दिवशी लागलं. बाबा म्हणाले, "टेकड्यांच्या मागे काय आहे सांगू? दगडाची खाण आणि एक फुटबॉलचं मैदान." ते ऐकून मला वाईट वाटलं, पण त्यांना नाही वाटलं. ते तिथे सामना बघत बसले होते आणि एका संघाला मनापासून ओरडून पाठिंबा दिला होता, कोणता ते न विचारता. पुढे नदी रुंद झाली. एका गावात बाबांच्या तपकिरी सायकलचा एक स्पोक तुटला आणि तिथल्या लोहाराने बदलून दिला. हिरवीला काही झालं नाही, हे सासूबाईंनी फोनवर मला तीनदा सांगितलं, दोनदा बाबांना ऐकू जाईल अशा बेताने. एका ठिकाणी त्या मुक्काम वाढवून राहिल्या कारण तिथे कापडाचा बाजार होता. बाबांनी कापडाचा गठ्ठा कसा वाहिला हे विचारू नका.

समुद्र आला तेव्हा फोन सासूबाईंचा होता. "पोहोचलो," म्हणाल्या. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "तुझे सासरे पाण्यात गुडघाभर उभे आहेत. बूट काढले नाहीत."

परत आल्यावर दोघं रापले होते, बारीक झाले होते आणि विलक्षण भुकेले होते. दुसऱ्याच दिवशी सासूबाई सायकल पुसून बाईंना परत द्यायला निघाल्या. मीही गेले. बाईंनी सायकलवरून हात फिरवला, मागच्या रिमवर नख लावून बघितलं, आणि म्हणाल्या, "माझ्या चिमट्यांना मी आता खिळा ठोकलाय. गॅलरीत जागा नाही. घेऊन जा."

"अहो, पण..."

"बसा आधी. मीही गेलेय त्या काठाने. मोठ्या पुलानंतर रस्त्याला दोन फाटे फुटतात, तिथे कुठून गेलात?"

"डावीकडून."

"चुकलात. उजवीकडे चढ आहे, पण वरून सगळं खोरं दिसतं."

"चढ बघूनच डावीकडे गेलो. यांच्या पायात गोळे आले होते."

"मग पुढच्या वेळी त्यांना डावीकडून पाठवा, तुम्ही उजवीकडून जा. पलीकडे भेट होते."

सासूबाई पुढे सरकून बसल्या आणि नेमका फाटा कुठला ते विचारू लागल्या. बाईंनी निवडुंगाच्या दोन कुंड्या टेबलावर ओढल्या, या टेकड्या म्हणाल्या, मधून चमचा ठेवला, ही नदी. मी आत जाऊन चहा टाकला. मला कुणी काही विचारणार नव्हतं आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.